पाणी कुठवर चढेल, हे कोणाला विचारायचे?

माणूस आणि त्याच्या भोवतालची जमीन, पाणी, जंगल व जनावरे यांच्यातील देवघेवीचा अभ्यास म्हणजे मानवी परिस्थितिविज्ञान. आणि ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनीच प्रश्न ठरवावेत, मोजणी करावी व निष्कर्षही पडताळावेत, असा आग्रह धरणाऱ्या पद्धतीला लोकसहभागी संशोधन म्हणतात. ही पद्धत निव्वळ सौजन्यापोटी स्वीकारायची नसते, हे जबलपूरजवळच्या बरगी धरणाकडे पाहिले की पटते.

नर्मदा खोऱ्यातील नियोजित तीस मोठ्या धरणांपैकी सुरुवातीला पूर्ण झालेल्यांपैकी एक असलेले हे धरण १९९० मध्ये भरले, तेव्हा सरकारी अंदाजातील १०१ गावांऐवजी जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोहोचली, आणि पुनर्वसनासाठी वसवलेल्या काही वस्त्याही पाण्याखाली गेल्या. एकसष्ट गावांची ही चूक कागदावरच्या मोजणीची होती. पावसाळ्यात ओढ्याला फुगवटा कुठवर येतो, हे काठावरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

असे ज्ञान पुढे आणण्यासाठी ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत गावकरी जमिनीवर रांगोळीने वा खड्यांनी गावाचा नकाशा मांडतात, अभ्यासकासह शिवारफेरी करतात आणि काम, टंचाई व आजारपण यांचे महिनावार कोष्टक तयार करतात. जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक घेण्याच्या, म्हणजे गाळपेर शेतीचे गणित अशा कोष्टकात चटकन दिसते, कारण पाणी पंधरवडाभर उशिरा उतरले तर पेरणीचा हंगामच हुकतो.

अर्थात नकाशाभोवती गर्दी जमली म्हणजे सहभाग झाला, असे नव्हे. पुष्कळदा पुढारी बोलतात, बाया मागे उभ्या राहतात आणि माहिती गोळा करून अभ्यासक निघून जातो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने त्यावर आपला उपाय काढला: गावातले व बाहेरचे लोक एकत्र बसून विषय समजून घेतील असा ‘अभ्यास गट’ वेगळा ठेवला आणि निर्णय मात्र ग्रामसभेच्या सर्वसहमतीवर सोपवला. या विभागणीमुळे जाणकाराला सल्ला देता येतो, हुकूम सोडता येत नाही.

बरगीत लोकांच्या जाणतेपणाला मान मिळाला तो संघर्षानंतर: १९९४ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्या ५४ सहकारी संस्थांच्या संघाकडे आला.