बुडालेल्या खेळांचं संगीत

व्हिडिओ गेमच्या संगीतावर लिहितो आहे असं सांगितलं की समोरचा लगेच यादी मागतो, आणि ती यादी त्याला आधीच पाठ असते. मारिओ, झेल्डा, फायनल फँटसी, क्रोनो ट्रिगर, अलीकडचं म्हणून स्कायरिम. कोजी कोंडो आणि नोबुओ उएमात्सु या संगीतकारांच्या थोरवीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण दरवर्षी त्याच पाचसात नावांची आरती ओवाळणारे लेख वाचून मी थकलो आहे. यंदाची पानं मी त्यांना द्यायची ठरवली आहेत, ज्यांचे खेळ आपटले, ज्यांना कोणी खेळलं नाही, जे बाजारातच आले नाहीत, आणि तरीही ज्यांचं संगीत आज कानाला लावलं तर माणूस उठून बसतो.

आपल्या श्रोत्यांना ही गोष्ट खरं तर सर्वांत लवकर पटायला हवी. पिक्चर पडला, गाणी चालली, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. थिएटरातून आठवड्यात उतरलेल्या चित्रपटाची गाणी रेडिओ सिलोनने आणि विविध भारतीने सांभाळली, बँडवाल्यांनी वरातीत वाजवली, गणपतीच्या मंडपात ती पुन्हा पुन्हा लागली. खेळांच्या संगीताला विविध भारती मिळाली नाही. सूर कॅसेटच्या आत कोंडलेले. ते ऐकायचे तर खेळ विकत घ्या, आणि तिसऱ्या लेव्हलचं संगीत ऐकायचं तर आधी दुसरी पार करा. खेळ अवघड असेल तर संगीतकाराचं अर्धं काम कोणाच्या कानी पडायचंच नाही. गेमच्या संगीतातली आजची कीर्ती ही बहुतेक विक्रीच्या आकड्यांची सावली आहे, हे माझं जुनं म्हणणं आहे आणि मी ते सोडणार नाही.

जपानने ही अडचण लवकर ओळखली. हारुओमी होसोनो यांनी १९८४ मध्ये नामकोच्या खेळांच्या संगीताची 'व्हिडिओ गेम म्युझिक' ही तबकडी काढली. कोइची सुगियामा यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'चं संगीत १९८७ मध्ये टोकियोत वाद्यवृंदाकडून मंचावर वाजवून घेतलं. त्यामुळे तिथला एखादा किरकोळ खेळ विस्मृतीत गेला तरी त्याच्या संगीताला तबकडीचा आसरा मिळू शकला. इंग्लंडमध्ये असं काही नव्हतं. तिथे विशीतली पोरं खोलीत बसून आकड्यांच्या ओळी टाइप करत संगीत लिहीत होती, आणि खेळ दुकानाच्या फळीवरून हटला की ते संगीतही हटत होतं.

त्या पोरांपैकी टिम फॉलिन हा माझा माणूस. त्याच्याविषयी मी आजवर जिथे जिथे जागा मिळाली तिथे लिहिलं आहे, आणि इथेही हात आखडता घेणार नाही.

फॉलिनने सुरुवात केली ती झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर. त्याच्या मूळ यंत्रात ध्वनीसाठी वेगळी चिपच नव्हती. एक लहानसा भोंगा, आणि तो एकतर चालू किंवा बंद, मधली अवस्था नाही. प्रोसेसरने स्वतः तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा, तेव्हा कुठे सूर निघायचा. तेवढा वेळ यंत्राला दुसरं काहीच करता यायचं नाही, म्हणून असं संगीत शीर्षकाच्या पडद्यापुरतंच. 'एजंट एक्स' (१९८६) आणि 'क्रोनॉस' (१९८७) या खेळांत शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या मुलाने त्या एका भोंग्यातून एकाच वेळी अनेक आवाज काढले. सूर कडेने फाटतात, खरखरतात, पण आत सुरावट आहे, तिच्याखाली चालता बास आहे, आणि वर ताल धरून ठेवलेला आहे.

मग मँचेस्टरची सॉफ्टवेअर क्रिएशन्स ही कंपनी आणि निन्टेन्डोचं आठ बिटांचं यंत्र. त्यातली ध्वनिव्यवस्था जुन्या वाचकांना तोंडपाठ आहे: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर, आणि ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी पाचवी वाट. त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करण्याची सोयही नाही. तीन सुरांचा कॉर्ड एकदम वाजवण्याइतक्या वाटा हाताशी नाहीत, म्हणून ते तीन सूर एकाच वाटेवर सेकंदाला पन्नास-साठ वेळा आलटून पालटून वाजवायचे. कान त्यांना एकत्र जोडतो आणि वर एक थरथर उरते. ही युक्ती सगळेच वापरत. फॉलिनने त्या थरथरीतूनच संगीत घडवलं.

'सोलस्टिस' (१९९०) लावून बघा. खेळ तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्यांमधून फिरणाऱ्या जादूगाराचा, बरा, पण लक्षात राहावा असा नाही. शीर्षकाचं संगीत सुरू होतं एका गोड, बालबोध धुनीने. काही सेकंद जातात, तुम्ही मान डोलावू लागता, आणि एकाएकी ती धुन फोडून खालून असा लोंढा येतो की हे तेच यंत्र का, असा प्रश्न पडावा. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड आहे. एका वाटेवरचा सूर दुसरीवर किंचित उशिरा आणि हलक्या आवाजात उमटवून तयार केलेली घुमार आहे. आणि लांबच लांब वाक्यं आहेत, जी सम दिसत असतानाही तिला वळसा घालून पुढे जातात. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचा संस्कार त्यात स्पष्ट ऐकू येतो.

त्याच वर्षीचा 'सिल्व्हर सर्फर' हे माझ्या म्हणण्याचं सर्वांत ठळक उदाहरण. भिंतीला नुसता स्पर्श झाला तरी नायक मरतो. पहिली लेव्हलही न ओलांडता खेळ सोडलेले लोक जगभर आहेत. आणि त्या खेळात टिमने भाऊ जेफसोबत असं संगीत भरलं की त्या यंत्राच्या उत्तम संगीताची कोणतीही प्रामाणिक यादी त्याच्याशिवाय अपुरी राहील. 'पिक्शनरी'चंही तेच. चित्र काढून शब्द ओळखण्याचा घरगुती खेळ, आणि त्याच्या शीर्षकाला एखाद्या महोत्सवाची सांगता व्हावी असा जल्लोष. १९९३ मध्ये सुपर निन्टेन्डोवर 'प्लॉक' आला, स्वतःचे हातपाय काढून फेकणाऱ्या प्राण्याचा. किनाऱ्यावरच्या लेव्हलचं त्यातलं संथ, सैलावलेलं संगीत मी कितीही वेळा ऐकलं तरी पुन्हा लावतो. 'टाइम ट्रॅक्स' या खेळाची सेगा मेगा ड्राइव्हसाठीची आवृत्ती तर प्रकाशितच झाली नाही. संगीत तयार होतं, श्रोता शून्य. बऱ्याच वर्षांनी ती आवृत्ती हौशी लोकांच्या हाती लागली, म्हणून आज आपण ते ऐकू शकतो.

काही जाणकार म्हणतात की फॉलिनचं संगीत खेळाशी फटकून असतं, ते स्वतःचंच प्रदर्शन मांडतं. त्यांच्या मते चांगलं खेळसंगीत जाणवू नये. हा विचार मला मुळातच मान्य नाही. जाणवू नये म्हणून कोणी संगीत लिहीत नाही. तंबोरासुद्धा जाणवावा म्हणूनच लावतात. फॉलिनने कंटाळवाणा खेळ हाती आला म्हणून कंटाळवाणं काम केलं नाही, याबद्दल त्याला दोष देणाऱ्यांनी एकदा 'सोलस्टिस' शेवटपर्यंत ऐकावं. पुढे त्याने खेळांसाठी संगीत देणं सोडलं आणि २०१५ मध्ये 'कॉन्ट्राडिक्शन' नावाचा चित्रित रहस्यखेळ स्वतः बनवला. त्याच्यासारख्या माणसाला या व्यवसायाने अडवून धरायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकाचे संगीतकार रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांच्याविषयी बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. गॉलवेचं 'विझबॉल' (१९८७) ऐका. हबर्डचं 'कमांडो' (१९८५) ऐका, ते त्याने एका रात्रीत उभं केलं ही गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध नाही ती ही गोष्ट, की ज्या धुनीवर त्याने ते उभं केलं ती कॅपकॉमच्या मूळ आर्केड खेळातली होती आणि ती तामायो कावामोतो या बाईंची होती.

इथे मला थांबणं भाग आहे. ऐंशीच्या दशकातल्या जपानी खेळसंगीताचा केवढा मोठा भाग बायकांनी लिहिला, हे आमच्या सर्वेक्षणकारांच्या गावीही नसतं. पहिल्या 'कॅसलव्हेनिया'च्या (१९८६) संगीतामागे किनुयो यामाशिता होत्या, पण श्रेयनामावलीत झळकलं ते जेम्स बनाना हे लुटुपुटीचं नाव. 'मेगा मॅन' (१९८७) मानामी मात्सुमाए यांचं, तिथेही टोपणनाव. 'स्वीट होम' (१९८९) हा जपानबाहेर कधी अधिकृतपणे न आलेला भयखेळ जुन्को तामिया यांनी सजवला. कंपन्यांना आपले संगीतकार दुसऱ्यांनी पळवू नयेत असं वाटत होतं, म्हणून नावं लपवली गेली, आणि श्रोत्यांनी ती शोधण्याची तसदी घेतली नाही. कावामोतो पुढे टायटोच्या झुंटाटा या संगीतचमूत गेल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी 'रेफोर्स' लिहिलं. आकाशात लढणाऱ्या विमानाचा खेळ, तासाभरात संपणारा. पण संगीत एका लेव्हलमधून दुसरीत असं विणलेलं आहे की मध्येच उठवत नाही, आणि विजयाच्या जवळ जाताना त्यात उत्साहाऐवजी विषाद दाटत जातो.

आमच्या घरी हे जग आलं ते 'टीव्ही गेम' या नावाने. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीच्या बहुतेकांसारखंच आम्हीही अस्सल निन्टेन्डो पाहिलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास मिळणारी नक्कल यंत्रं, एका कॅसेटमध्ये शेकडो खेळांचा दावा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसाच्या भाड्याने आणलेलं 'कॉन्ट्रा'. त्या 'कॉन्ट्रा'चं संगीत हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांचं. ही नावं मराठीत छापून यायला इतकी वर्षं लागावीत याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांच्या धुना सांगली-सोलापूरपर्यंतच्या मुलांना तोंडपाठ होत्या.

या नक्कल यंत्रांबद्दलची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांतल्या अनेक चिपांमध्ये चौकोनी लहरींच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली होती. मूळ यंत्रात जिथे भरदार, पोकळ नाद यायचा तिथे यांत पातळ, नाकातला नाद येई, आणि उलटही. म्हणजे अशा यंत्रावर खेळलेल्या मुलांनी त्याच धुना वेगळ्या पोताने ऐकल्या. मोठेपणी अस्सल ध्वनिमुद्रण ऐकताना अनेकांना काहीतरी परकं वाटतं, त्याचं कारण स्मृतीचा दोष नाही, चिपेचा आहे. एखाद्या तरुण अभ्यासकाने ही जुनी यंत्रं माळ्यावरून उतरवून त्यांचे आवाज मुद्रित करून ठेवावेत. दहा वर्षांनी ती चालू होणार नाहीत.

सोळा बिटांच्या काळाबद्दल मला एकच सांगायचं आहे. मेगा ड्राइव्हची यामाहा चिप ही आपल्या चित्रपटसंगीतात ऐंशीच्या दशकात गाजलेल्या डीएक्स-७ या कीबोर्डच्याच घराण्यातली. युझो कोशिरो यांचं 'स्ट्रीट्स ऑफ रेज २' सगळे वाखाणतात. तिसरा भाग (१९९४) मात्र गोंगाट म्हणून झिडकारला गेला. कोशिरो आणि मोतोहिरो कावाशिमा यांनी त्यात संगणकाकडून काही स्वररचना यादृच्छिकपणे घडवून घेतल्या होत्या. आज तो तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा तरुण वाटतो.

पुढे सीडी आली, जागेची चणचण संपली आणि माझं कुतूहलही जरा ओसरलं. त्यातूनही सोइची तेरादा यांचं 'एप एस्केप' (१९९९) आणि साओरी कोबायाशी यांनी मारिको नानबांसह केलेलं 'पॅन्झर ड्रॅगून सागा' (१९९८) चुकवू नये. दुसऱ्याच्या अखेरीस येणारं गाणं त्या खेळाच्या कल्पित भाषेत आहे. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एकेकाळी अहोरात्र चालणाऱ्या 'नीड फॉर स्पीड'च्या सुरुवातीच्या भागांसाठी रॉम दि प्रिस्को आणि साकी कास्कस यांनी दिलेलं संगीतही स्वतंत्रपणे ऐकण्याजोगं आहे. गाड्यांच्या आवाजात ते अर्धं बुडून गेलं.

आजचं चित्र मला आवडत नाही. मोठ्या खेळांत ऐंशी वादकांचा वाद्यवृंद असतो आणि खेळ संपल्यावर गुणगुणायला एक ओळ उरत नाही. लांब ओढलेले सूर, खाली धडधड, झालं. हे परिपक्वतेचं लक्षण मानणारे समीक्षक आहेत. त्यांच्याशी माझं जमणार नाही. त्याहून गंभीर म्हणजे जुनं हातातून जातं आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. संगीत टिकलं आहे ते हौशींमुळे. हाय व्होल्टेज सिड कलेक्शनमध्ये कमोडोरच्या पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत, बिनपैशाच्या श्रमावर उभ्या केलेल्या. ज्या व्यवसायाची उलाढाल चित्रपटांना मागे टाकते, त्याचं संगीत स्वयंसेवकांनी जपावं, हे लाजिरवाणं आहे.

घरच्या आघाडीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) आहे. संगीत लिनोस त्सेलोस या ग्रीक संगीतकाराचं, आणि ते मनापासून केलेलं आहे, परक्या माणसाने सजावट म्हणून केलेलं नाही. खेळ जगभर पोचला तरी त्याचं संगीत स्वतंत्रपणे ऐकलेला माणूस मला पुण्यातही क्वचितच भेटतो. आपल्याकडे संबळ, तुतारी, पखवाज वाजवणारे तरुण आहेत, संगणकावर संगीत करणारेही आहेत. त्यांनी स्टुडिओंचे दरवाजे ठोठावायला हवेत.

ऐकायला बसणाऱ्यांसाठी दोन सूचना. नव्याने वाद्यवृंदावर बसवलेल्या आवृत्त्या आधी ऐकू नका. त्यांत थरथर पुसली जाते. आणि वेगाकडे लक्ष द्या. युरोपातली यंत्रं सेकंदाला ५० च्या हिशेबाने चालत, अमेरिकेतली ६० च्या. हबर्डने लिहिलेली रचना चुकीच्या यंत्रावरून मुद्रित केली असेल तर ती २० टक्के जास्त वेगाने धावते, आणि सूर श्वास न घेता पळतात. 'कमांडो' ऐकताना दम लागल्यासारखं वाटलं तर ते मुद्रण बंद करून दुसरं शोधा.