पोटातली सर्वात जाड शीर उजवीकडेच का?

पाठीच्या कण्याला लागून, जरा उजव्या बाजूला, तुमच्या शरीरातली सर्वात जाड शीर आहे. पाय, किडन्या आणि यकृतातलं रक्त ती हृदयाकडे परत नेते. डॉक्टर तिला आयव्हीसी म्हणतात. गंमत म्हणजे ती सलग अशी तयार होतच नाही!

गर्भ राहिल्यावर ४ ते ८ आठवड्यांच्या काळात, म्हणजे घरात गोड बातमी जेमतेम कळते तेव्हा, हे काम चालतं. बाळाच्या पोटात डावी-उजवीकडे शिरांच्या जोड्या बनतात. एक नाही, एकामागून एक तीन! त्या आपसात जोडल्या जातात. मग डावीकडच्या बहुतेक विरून जातात आणि मुख्यतः उजवीकडचे तुकडे जुळून ही एक शीर होते.

म्हणूनच डाव्या किडनीच्या शिरेला महाधमनी ओलांडून उजवीकडे यावं लागतं. साहजिकच ती लांब असते. किडनीदानात शक्यतो डावी किडनी घेतात, त्याचं मोठं कारण हेच. लांब शीर जोडायला सोपी.

क्वचित डावीकडची शीर विरतच नाही. मग दोन आयव्हीसी राहतात. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो, कारण त्रास काहीच होत नाही. पण सर्जनना आधी माहीत नसेल, तर ऑपरेशनमध्ये मोठा रक्तस्राव होऊ शकतो. किडनी देणाऱ्याचा सीटी स्कॅन यासाठीही करतात.

घरात कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘डबल आयव्हीसी’ दिसलं, तर घाबरू नका, हा आजार नाही. मात्र पोटाचं ऑपरेशन ठरलं, की तो रिपोर्ट सर्जनना आवर्जून दाखवा.