बॅकअप आहे, पण तो शाबूत आहे का?

मागच्या दिवाळीत घरी, शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीला पोहोचलो, तर दादाने चहाच्या आधी लॅपटॉपच पुढे केला. विंडोज सुरूच होत नव्हतं. "वर्षापूर्वी तूच बॅकअप घेतला होता ना? मग टाक ना परत!"

टाकणारच होतो, पण हात थांबला. डेस्कटॉपवर या हंगामातल्या पपईचा सगळा हिशेब होता: मजुरी, गाडीभाडं, व्यापाऱ्याकडची बाकी. इमेज मात्र वर्षापूर्वीची. ती तशीच परत घातली असती, तर सी ड्राइव्ह एक वर्ष मागे गेला असता आणि हिशेब पुसला गेला असता.

आधी इमेज म्हणजे काय ते बघू. डिस्क हे शेत समजा. पार्टिशन म्हणजे बांध घालून केलेले तुकडे, आणि कुठला बांध कुठे आहे हे सांगणारा नकाशा म्हणजे पार्टिशन टेबल. नुसत्या फायली कॉपी केल्या तर विंडोज उभं राहत नाही. फाइल सिस्टीमची रचना, परवानग्या, लपवलेल्या फायली हे सगळं जागच्या जागी लागतं. इमेजमध्ये ते जसंच्या तसं येतं. क्लोनझिलासारखं मोफत साधन फक्त वापरातले ब्लॉक उचलतं, म्हणून २०० जीबीच्या पार्टिशनमध्ये ६० जीबीच भरलेलं असेल तर इमेज लहान होते. परत घालताना मात्र साधारणपणे मूळ आकाराएवढी किंवा मोठी जागा लागते.

आता माझ्या अभ्यासाच्या विषयाकडे येतो. डिस्क बंद पडली तर कळतं. पण डिस्क चालू असते, वाचताना कुठलीही चूक दाखवत नाही, आणि तरी दिलेला डेटा चुकीचा असतो, असंही होतं का? २००८ साली बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी १५ लाखांहून जास्त डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली. चेकसम जुळला नाही अशा ४ लाखांहून जास्त घटना सापडल्या. स्वस्त प्रकारच्या डिस्कपैकी ०.६६ टक्क्यांमध्ये १७ महिन्यांत निदान एकदा असं झालं. महागड्या डिस्कमध्ये हे प्रमाण ०.०६ टक्के होतं.

चेकसम म्हणजे डेटावरून गणित करून काढलेला छोटा आकडा. एक बिट जरी बदलला तरी आकडा बदलतो. टक्केवारी छोटी वाटेल, पण तुमची इमेज दाबून लहान केलेली असते. तिच्यात मधेच एक तुकडा बिघडला, तर पुढचं उलगडणंच अडू शकतं. आणि तोवर सी ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसून झालेलं असतं!

म्हणून क्रम असा ठेवा.

१. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि नवीन फायली बाहेर काढा. डिस्कवर बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की आधी शोधा.

२. इमेज तपासा. क्लोनझिलामध्ये इमेज परत घालता येण्याजोगी आहे का हे तपासण्याची सोय आहे. वेळ लागतो, लागू द्या.

३. पूर्ण डिस्क नाही, फक्त सिस्टीमचं पार्टिशन निवडा. पूर्ण डिस्क निवडली तर डी ड्राइव्हही जाईल. डिस्क नावावरून नाही, आकार आणि मॉडेल बघून ओळखा.

४. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. लिहिणं अर्धवट थांबलं तर पार्टिशन ना जुनं राहतं ना नवं. इमेज शाबूत असेल तर पुन्हा पहिल्यापासून घालता येते.

५. एवढं करूनही सुरू झालं नाही, तर घाबरू नका. बूटची माहिती बहुतेक वेळा वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असते. विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरून ती पुन्हा लिहिता येते.

दादाच्या इमेजच्या दोन प्रती होत्या. पेनड्राइव्हवरची तपासणीत नापास झाली. बाहेरच्या हार्ड डिस्कवरची पास झाली, तीच घातली. लॅपटॉप सुरू झाला, मग बाहेर काढलेला हिशेब परत ठेवला. दादाने आधी व्यापाऱ्याची बाकी उघडून बघितली, मग म्हणाला, "आता चहा घे."

तुमचाही बॅकअप कुठेतरी पडलेला असेलच. आज रात्री तो एकदा तपासायला लावा आणि झोपा. सकाळी उत्तर मिळेल, आणि तेव्हा दुसरी प्रत काढायला अजून वेळ असेल.