कोरडी पेटी, ओला मुलूख

सिगार ठेवायच्या लाकडी पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. नवी पेटी वापरण्याआधी तिला पाणी पाजावं, असं तिच्याबरोबर येणारं बहुतेक प्रत्येक माहितीपत्रक सांगतं. ही पत्रकं लिहिली जातात थंड मुलखांत. तिथे हिवाळ्यात घरोघरी हीटर चालतात, हवा इतकी सुकते की ओठ फुटतात, आणि टेबलावर राहिलेला सिगार काही दिवसांत बोटांत चुरा होण्याजोगा होतो. सिगारसाठी नावाजलेला मुलूख क्युबा. तिथे समुद्र, ऊस, दमट वारा. त्या हवेचा एक तुकडा लंडनच्या दिवाणखान्यात जपून ठेवायचा, म्हणून ही पेटी.

मालवणात तसल्या हवेचा तुकडा जपून ठेवायची गरज कुणालाच नाही. इथे ती खिडकीतून फुकट येते, आणि जूनपासून पुढे नको तितकी येते. पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर रेंगाळते. सिगारला लागते ६५ ते ७०. पंचाहत्तरच्या पुढे बुरशीचं राज्य. म्हणजे पत्रकात एक सांगितलेलं, आणि आपल्या किनाऱ्यावर गरज त्याच्या जवळजवळ उलटी.

माझा मामेभाऊ बोटीवर असतो. मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हे काही विशेष नाही, दर चार घरांआड एखादा बोटीवर सापडतो. हा कुठल्या कुठल्या बंदरांतून सिगार आणतो, कपाटात ठेवतो, पुन्हा बोटीवर जातो, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांवर पांढरी लव धरते. शेवटी त्याने फोनवर फर्मावलं, एक चांगली पेटी करून घे. मी सिगार ओढत नाही, आणि कुणी ओढावा असंही मला वाटत नाही. तंबाखूच्या धुराबद्दल डॉक्टर जे बजावतात त्यातून महागड्या धुराला सूट नाही. पण सुतारकाम बघत बसायला मला कुठलंही निमित्त पुरतं.

पहिला प्रश्न लाकडाचा. जगभर या पेट्यांना आतून अस्तर असतं ते ‘स्पॅनिश सीडर’चं. हे झाड स्पॅनिशही नाही आणि सीडर, म्हणजे देवदाराच्या कुळातलंही नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचं नातेवाईक. त्याच्या वासाला कीड सहसा फिरकत नाही, ते ओल घेतं आणि निमूटपणे परत देतं, आणि असं करताना फारसं वाकत-फुटत नाही. मालवणात ते कुठून आणणार? पण त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊ सह्याद्रीत आहे, तूण. वनस्पतिशास्त्रात दोघे एकेकाळी एकाच नावाखाली मोडत. तुणीच्या फळ्यांची चहाची खोकी होत, फर्निचर होई, आणि सिगारच्या डब्यासुद्धा होत.

आमच्या सुतार मेस्त्रींकडे जुन्या कपाटाच्या काही फळ्या पडून होत्या. वर काळपट पॉलिशचा थर. रंधा फिरला तशी आत विटकरी तांबूस रंग दिसला आणि वास सुटला: थोडा मिरीसारखा, थोडा चंदनाच्या आसपासचा, पण दोन्ही नव्हे. मेस्त्रींनी एक छिलका उचलला, चुरगळून नाकाशी नेला आणि बाजूला ठेवून दिला. तुणीबद्दल त्यांचं मत झालं होतं.

बाहेरचं अंग फणसाचं. आपल्याकडे घरांच्या तुळया, खांब, देव्हारे फणसाचे होतात, तेव्हा त्याची खात्री वेगळी काढायला नको. नवं असताना पिवळंधमक, वर्षं जातात तसं तपकिरी होत जातं. सागवान सुचवणारे पुष्कळ भेटले. बाहेरून सागवान चालेल, पण आत नको. त्याचं तेल आणि त्याचा उग्र वास तंबाखूत उतरतो. आणि आतल्या बाजूला पॉलिश, व्हार्निश, तेल, मेण यांतलं काहीही लावायचं नाही. लाकडाची तोंडं उघडी राहिली तरच ते ओल घेईल-देईल.

पेटी जोडली ती पौषात. मेस्त्रींचा त्याबाबत हट्टच होता. “पावसात जोडलेला लाकूड उन्हाळ्यात तोंड उघडता,” ते म्हणाले. या एका वाक्यामागे बराच हिशेब आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत तडजोड करत असतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी मुरलेलं असतं. ७० टक्क्यांना ते तेराच्या आसपास जातं, आणि ९० टक्क्यांना वीसपर्यंत. पाणी वाढलं की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. वीस सेंटिमीटर रुंदीची फळी कोरड्या माघापासून भर आषाढापर्यंत दोन-तीन मिलिमीटर सहज वाढते. कोकणातली दारं श्रावणात खांद्याने ढकलावी लागतात, ती यामुळेच.

म्हणून तुणीचं अस्तर मेस्त्रींनी चिकटवलं नाही. पातळ फळ्या कापून त्या नुसत्या आत बसवल्या, आणि फुगायच्या दिशेला नखभर जागा मोकळी सोडली. सगळं कसब दिसतं ते कडेला. अस्तराची फळी बाहेरच्या फणसापेक्षा थोडी वर उठलेली असते आणि झाकण त्या उठलेल्या कडेवरून खाली उतरतं. मेस्त्री झाकण लावायचे, काढायचे, कडेवर पॉलिशपेपरचा एक हलका हात मारायचे, पुन्हा लावायचे. सुरुवातीला झाकण खटकन पडत होतं. कामाच्या शेवटी ते सोडलं की शेवटच्या बोटभर अंतरात अडखळायचं. आतली हवा बाहेर पडायला वाट शोधायची, आणि झाकण हळूहळू बसायचं. हीच खरी परीक्षा. आणखी दोन करून बघितल्या. कडेत दहाची नोट धरून झाकण लावायचं आणि नोट ओढायची. अलगद सुटली तर तिथे फट आहे. आणि रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च आत पेटवून ठेवायचा. बिजागरीच्या बाजूला एक रेघ उजळली. मेस्त्रींनी बिजागरी काढून खाच केसभर खोल केली.

फणसाच्या सांध्यांना फेविकॉल लावलेला होता, त्याचा आंबूस वास जाईपर्यंत पेटी सावलीत उघडी ठेवली. मी ती अंगणात ठेवू का म्हणून विचारलं तर मेस्त्री म्हणाले, “उनात ठेवल्यात तर वाकतला.”

वास गेला, आता पाणी. पण त्याआधी काटा. पेटीत एक आर्द्रतामापक बसतो, आणि स्वस्तातल्या गोल पितळी मापकावर विश्वास ठेवणं म्हणजे पंचांगावरून पावसाला वेळ देण्यासारखं आहे. पूर्वी या यंत्रात माणसाचा केस ताणून लावत, कारण ओलीने केस लांबतो; स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने अठराव्या शतकात ते यंत्र बनवलं. मापक पारखायची युक्ती मात्र मिठाची. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतकं भिजवायचं, पाणी वर तरंगता कामा नये, आणि ते मापकासोबत घट्ट डब्यात बंद करायचं. मिठाच्या संपृक्त लगद्यावरची हवा आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. एक दिवसाने मापक जे दाखवेल त्यातला फरक लिहून ठेवायचा.

इथे मीठ कुठलं घेतलं यालाही महत्त्व आहे. आपल्या जिल्ह्यात मीठ म्हटलं की शिरोडा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने ते नाव देशभर गेलं. मिठागरातलं खडेमीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याला कारण मिठात राहिलेले मॅग्नेशियमचे क्षार. ते मिठापेक्षा कितीतरी कोरड्या हवेतूनही पाणी ओढून घेतात, आणि त्यामुळे पंचाहत्तरचं गणित खाली सरकतं. माशाला लावायला शिरोड्याचंच खडेमीठ हवं, पण या कामाला पुडीतलं साधं बारीक मीठ बरं. आमचा मापक सहा टक्के कमी दाखवत होता.

पाणीही विहिरीचं चालत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी लाकडात गेलं की पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणलं.

जुन्या पद्धतीत ओल्या फडक्याने आतलं लाकूड पुसून काढत. त्याने काम झटपट होतं, पण लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पातळ फळी एका बाजूने फुगून वाकते. मेस्त्रींना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या वडिलांनी होड्या बांधल्या होत्या. नवी किंवा पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेली लाकडी होडी पाण्यात घातली की आधी सांध्यांतून गळते, मग फळ्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. आता बहुतेक होड्या फायबरच्या झाल्या, त्यांना हे काही लागत नाही. मेस्त्री म्हणाले, “होडयेक पाणी पाजतत. पेटयेक पाण्याचो नुसतो वास देवचो.”

तर वाटीत स्पंज, स्पंजावर डिस्टिल्ड पाणी, वाटी पेटीत बशीवर, शेजारी मापक, झाकण बंद. हल्ली यासाठी ८४ टक्क्यांच्या तयार पुड्याही मिळतात, दोन आठवडे आत ठेवायच्या. वाटीत गंमत जास्त. काटा पहिल्या रात्रीच ऐंशीच्या वर गेला, आणि न जाणणारा माणूस इथे पेटी तयार समजून सिगार भरतो. पण ओली झाली होती ती फक्त आतली हवा. दुसऱ्या दिवशी काटा साठाच्या घरात, कारण लाकडाने ती ओल ओढून घेतली. स्पंज पुन्हा भिजवला, काटा पुन्हा चढला, पुन्हा उतरला, मात्र आधीपेक्षा कमी. रोज सकाळी हा चढ-उतार लहान होत गेला. मी रोज फोन करून आकडे सांगायचे. मेस्त्री ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “बाय, लाकडाक घाय नाय. घाय तुमका.” स्पंज काढून घेतल्यावरही काटा अडुसष्टवर थांबून राहिला, तेव्हा पाणी पाजायचं काम संपलं. आत हात घातला तर लाकूड ओलं लागत नव्हतं, नुसतं किंचित थंड.

पत्रक इथे संपतं. मालवणचं काम इथे सुरू होतं.

त्यात एक अडचण तापमानाची. पत्रकं २१ अंश सेल्सिअस धरून चालतात. आमच्याकडे कौलारू घराच्या माजघरातही वर्षातले बरेच दिवस काटा अठ्ठावीसच्या खाली येत नाही. तंबाखूत एक बारीक तांबूस भुंगा असतो, त्याची अंडी पानातच दडून येतात आणि साधारण २४ अंशांच्या पुढे त्यांना जाग येते. मग सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, आणि एका सिगारला पडली की शेजाऱ्यालाही पडतात. त्यावर उपाय म्हणजे नवे सिगार पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, आणि मगच पेटीत. मामीने फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी ही पिशवी ठेवायला साफ नकार दिला. शेवटी ती दुहेरी डब्यात घालून गेली. उष्ण हवेत पेटी सत्तरला ठेवण्यापेक्षा पासष्टला ठेवलेली बरी, म्हणून आत ६५ टक्क्यांच्या पुड्या टाकल्या. या पुड्या दोन्ही बाजूंनी काम करतात, हवा कोरडी असेल तर ओल सोडतात, जास्त ओली असेल तर शोषून घेतात. मे महिन्यापर्यंत त्या निवांत होत्या. मिरगाचा पाऊस पडला आणि पहिल्या पंधरवड्यातच फुगून टम्म झाल्या. थंड मुलखात त्या सुकून कडक झाल्या की बदलतात, आपल्याकडे फुगल्या की.

जागेचाही विचार हवा. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी धरते, तेव्हा पेटी भिंतीपासून हातभर दूर, लाकडी पाटावर. डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात नको, देव्हाऱ्याच्या उदबत्तीजवळ नको, आणि ज्या माळ्यावर सुकट, बोंबील आणि गोलमा बांधून ठेवलेला असतो त्या माळ्याच्या खाली तर नकोच. तंबाखूचं पान वास पटकन उचलतं. निपाणीकडे वाळलेलं पान हाताळायला पहाटेच्या दवाची वेळ का धरतात, तेही इथे पेटीतल्या पानाला बोट लावून कळतं. कोरडं पान दाबलं की तडकतं, नीट ओल धरलेलं पान दबतं आणि हळूच परत उठतं.

आता धास्ती आहे ती चतुर्थीची. भाद्रपदात घर भरतं, हवा भिजलेली असते, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ‘बघू तरी कसला वास येतो’ म्हणून झाकण उचलतो. दर उघडण्यागणिक आतली नीट बसवलेली हवा बाहेर आणि नव्वद टक्क्यांची आत. मेस्त्रींनी त्यावर पितळेचं छोटं कुलूप बसवून दिलं. किल्ली मामीने आपल्या जुडग्यात ओवली आहे, आणि मामेभाऊ सुट्टीवर आला तरी त्याला ती मागूनच घ्यावी लागणार आहे.