खडकीचे मैदान आणि खेळाडूच्या श्रमाचे मोल

१९९८ साली दोन श्रमिक कुटुंबांतील मुलांनी आपापल्या देशाला मोठे विजय मिळवून दिले. त्या वर्षी १२ जुलै रोजी फ्रान्सने ब्राझीलचा तीन-शून्य असा पराभव करून फुटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या तीनपैकी दोन गोल झिनेदिन झिदान या मधल्या फळीतील खेळाडूने डोक्याने मारलेले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बँकॉक येथे धनराज पिल्ले याच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर नमविले आणि आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक बत्तीस वर्षांनंतर परत मिळविले. झिदान हा अल्जीरियातून आलेल्या गोदाम-कामगाराचा मुलगा, मार्सेलच्या ला कास्तेलान या कामगारवस्तीत वाढलेला. धनराज हा खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, तमिळभाषक कुटुंबातला चौथा मुलगा. वडील नागलिंगम पिल्ले कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. दोघांच्या कारकिर्दीचा आरंभही एकाच सालचा. मे १९८९ मध्ये झिदान कान शहराच्या क्लबकडून पहिला व्यावसायिक सामना खेळला. डिसेंबर १९८९ मध्ये धनराजने दिल्लीच्या आशिया चषक स्पर्धेत भारतातर्फे पदार्पण केले.

साम्य येथे संपते. २००१ साली झिदान युव्हेंटस सोडून रेआल माद्रिदकडे गेला, तेव्हा त्याच्या बदलीपोटी एका क्लबाने दुसऱ्याला साडेसात कोटी युरोंहून अधिक रक्कम मोजली. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. झिदानने कोणत्या मोसमात, कोणत्या क्लबाकडून किती गोल केले, याचा हिशेब आज कोणताही शाळकरी मुलगा देऊ शकतो. धनराज चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा खेळला. २००४ पर्यंत त्याने ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. मात्र त्याने गोल किती केले, हे निश्चितपणे कोणालाच सांगता येत नाही. तत्कालीन भारतीय हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नव्हती. ‘एकशे सत्तरच्या वर’ असा अंदाज तेवढा सांगितला जातो. ज्या श्रमाची मोजदाद होत नाही त्याचे मोलही ठरत नाही, हे अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक सत्य आहे.

या तफावतीचे कारण सहसा एका वाक्यात सांगून टाकण्यात येते : फुटबॉलला बाजारपेठ आहे, हॉकीला नाही. हे खरे आहे, परंतु पुरेसे नाही. बाजारपेठ पैसा आणते. तो पैसा कोणाकडे आणि कोणत्या नियमाने जावा, हे मात्र बाजारपेठ स्वतः ठरवीत नाही. त्यासाठी करार, सनद आणि संघटना यांची गरज लागते. फ्रान्समध्ये या गोष्टी कशा आल्या आणि खडकीत त्यांच्या जागी काय होते, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरेल.

कारखान्याची सावली

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. लष्करी छावणी, कारखाना, कामगारांच्या चाळी आणि त्यांच्या मधोमध मैदाने, अशी या उपनगराची घडण आहे. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन धनराज आणि त्याचे भाऊ तेथल्या मातीत हॉकी शिकले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली होती. खडकीच्या पोरांपुढे मात्र चिखल, आणि मनात महंमद शाहिदची चाल होती. थोरला भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत असे. त्याच्या पाठोपाठ ऐंशीच्या दशकाच्या मध्यास धनराज मुंबईला गेला, महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला आणि पुढे इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत स्थिरावला.

या व्यवस्थेला कोणी ‘क्रीडाधोरण’ असे नाव दिले नव्हते. वस्तुतः ती तशीच होती. कारखान्याने मैदान दिले, सार्वजनिक आणि खाजगी उद्योगांनी नोकरी दिली. पगार बेताचा, पण दरमहा हाती पडणारा. गुडघा दुखावला तरी चूल विझत नसे. गरीब घरातल्या मुलाने पंधरा वर्षे एका खेळाला वाहून घ्यायचे, तर त्याला हीच हमी लागते. तेव्हा या व्यवस्थेला नावे ठेवण्यापूर्वी तिचे ऋण मान्य करावयास हवे.

परंतु तिच्यात एक मोठी उणीव होती. खेळाडू नोकर होता मालकाचा आणि खेळत होता देशासाठी. देशाच्या संघाशी त्याचे नाते कोणत्याही कराराने बांधलेले नव्हते. बँकॉकच्या सुवर्णपदकानंतर हे उघड झाले. खेळाडूंच्या भत्त्यांविषयी धनराज उघडपणे बोलत होता. थोड्याच दिवसांत कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले, प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही जावे लागले. खेळाडूंना ‘विश्रांती’ दिली, असे कारण देण्यात आले. बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक आणणाऱ्या संघाला विश्रांतीची एवढी निकड का भासावी, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता. धनराजची पुढे ‘चिडखोर’ अशी प्रतिमा झाली. जेथे तक्रार नोंदविण्याची रीतच नसते, तेथे तक्रारीला संतापाखेरीज दुसरे रूप तरी कोणते उरते?

कोपाची तक्रार

फ्रान्समध्येही अशीच तक्रार झाली होती. रेमों कोपा हा पोलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या घरातला, स्वतः खाणीत राबलेला खेळाडू. १९५८ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचा गौरव झाला होता. त्या काळी फ्रान्समधला व्यावसायिक खेळाडू वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत एकाच क्लबाशी बांधलेला असे. क्लबाने विकले तर जायचे, ठेवले तर राहायचे. १९६३ साली कोपाने जाहीरपणे म्हटले की, हे खेळाडू गुलाम आहेत. त्यालाही शिस्तभंगाच्या कारवाईला तोंड द्यावे लागले. पण तेथे १९६१ पासून खेळाडूंची संघटना उभी होती. तिने प्रश्न लावून धरला आणि १९६९ मध्ये ठराविक मुदतीचा करार मान्य झाला. एका खेळाडूचा संताप कराराचे कलम होऊन कागदावर उतरला, हा त्यातील महत्त्वाचा भाग.

१९७३ च्या व्यावसायिक फुटबॉलच्या सनदेने आणखी एक पाऊल टाकले. वरच्या श्रेणीतील क्लबांना तरुण खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र चालविणे बंधनकारक झाले. झिदान चौदाव्या वर्षी कानच्या क्लबाकडे गेला तो अशाच व्यवस्थेत. जो तयार खेळाडू विकत घेतो त्यानेच खेळाडू घडविण्याचा खर्चही उचलावा, हे या सनदेचे सूत्र. पुढे २००१ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघाने ते व्यापक केले. खेळाडूची बदली होताना मोजल्या जाणाऱ्या रकमेतील पाच टक्के वाटा, तो बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबात शिकला, त्यांना मिळू लागला.

लिलाव आणि मैदान

भारतीय हॉकीची स्थिती आज पालटली आहे, हे नाकारता येणार नाही. टोकियो आणि पॅरिस येथील लागोपाठच्या दोन ऑलिंपिकांत कांस्यपदके मिळाली. हरमनप्रीत सिंगच्या गोलांची संख्या वृत्तपत्रांत नेमाने छापून येते. २०२४ च्या लिलावात हॉकी इंडिया लीगमधील एका संघाने त्याच्यासाठी ७८ लाख रुपये मोजले. ज्या बाजारपेठेच्या अभावाकडे बोट दाखविले जात असे, ती शिखरापाशी तरी थोडीबहुत उभी राहिली आहे.

चिंता आहे ती पायथ्याची. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सरकारी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आला. इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. या बदलांची आर्थिक कारणे असतील. ती येथे तपासण्याचे प्रयोजन नाही. परंतु नफातोट्याच्या ताळेबंदात मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा पगार हा केवळ खर्च दिसतो. त्या खर्चातून एक धनराज निपजला, ही जमेची बाजू कोणत्याच रकान्यात मांडली जात नाही.

यावर उपाय अवघड नाही. लिलावातील रक्कम खेळाडूला मिळते, तीस हात लावण्याचे कारण नाही. मात्र तिच्या पाच टक्क्यांइतकी जादा रक्कम विकत घेणाऱ्या संघाने भरावी आणि ती खेळाडू जेथे शिकला त्या मैदानाला, शाळेला वा कारखान्याच्या क्रीडा मंडळाला मिळावी, असा नियम करता येईल. ७८ लाखांवर हा वाटा तीन लाख नव्वद हजार रुपये होतो. लीगच्या उलाढालीत ही रक्कम किरकोळ. एखाद्या वस्तीतील मैदानाला मात्र ती स्टिका, चेंडू आणि रोलर फिरविणाऱ्या माणसाची मजुरी देऊ शकेल. त्यासाठी कोणता खेळाडू कोठे घडला याची नोंद ठेवावी लागेल. गोल मोजण्याची सवय आता लागलीच आहे. मैदाने मोजण्याची लावून घ्यावयाची आहे.

धनराज कारकिर्दीत लंडन, ल्यों, स्टुटगार्ट, क्वालालंपूर, ढाका अशा नाना ठिकाणच्या क्लबांकडून खेळला. २००३ साली त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने आशिया चषकही जिंकला. देशाने त्याला खेलरत्न पुरस्कार दिला, हे उचितच झाले. परंतु सन्मान एका माणसाचा होतो आणि माणसासोबत संपतो. खडकीत उद्या जो मुलगा स्टिक हातात घेईल, त्याला आधी मैदान सापडले पाहिजे, आणि त्या मैदानावर सकाळी पाणी मारणाऱ्या माणसाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळाला पाहिजे.