पाण्याला लावलेली खूण

गेल्या मार्चमध्ये वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, पावसाळ्यात आमच्या शेतात गुडघाभर पाणी साचलं होतं. मग विहीर आत्ताच कशी आटली?" मी म्हटलं, "सगळं पाणी जमिनीत मुरत नाही गं." तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, "मग किती मुरतं?"

आता आली का पंचाईत! मुरणारं पाणी दिसतं कुठे? रंग कालवावा, तर मातीचे कण रंग धरून ठेवतात आणि पाणी पुढे निघून जातं. म्हणून शास्त्रज्ञांनी खूण म्हणून पाणीच वापरलं!

पाण्यात हायड्रोजन असतो, हे मोठ्या मुलांना ठाऊक आहेच. ट्रिटियम हा त्याच हायड्रोजनचा वजनदार भाऊ. तो हायड्रोजनच्या जागी बसला तरी पाणी पाण्यासारखंच मुरतं. फरक एवढाच, की ट्रिटियम किरणोत्सर्गी आहे. त्याचे किरण यंत्राने मोजता येतात. (पालकहो, दचकू नका. हे किरण इतके दुबळे, की कातडीही भेदत नाहीत. शिवाय हे पाणी अगदी थोडं वापरतात आणि १२.३ वर्षांनी त्यातलं ट्रिटियम निम्मंच उरतं.)

पावसाळ्याआधी शेतात साधारण ७० सेंटिमीटर खोल बारीक भोकं पाडून त्यात हे पाणी सोडतात. इतकं खोल का? तर ते उन्हाने उडू नये आणि पिकांच्या मुळांच्या तावडीत सापडू नये म्हणून. मग पाऊस पडतो. एस.टी.त मागून माणसं चढली की पुढची पुढे सरकतात ना, तसं नवं पाणी जुन्याला खाली ढकलतं. पावसाळा संपला की तिथली माती थराथराने काढायची. प्रत्येक थरातलं पाणी वेगळं करून एका खास द्रवात मिसळायचं. ट्रिटियमचा किरण निघाला की त्या द्रवात इवलासा उजेड चमकतो. यंत्र या चमका मोजतं. ज्या थरात चमका सर्वांत जास्त, तिथवर आपली खूण पोचली!

समजा, खूण ५० सेंटिमीटर खाली सरकली आणि तेवढ्या मातीत दहावा हिस्सा पाणी आहे. म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी मुरलं. झाला हिशेब.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने देशात ठिकठिकाणी असं मोजलं, आपल्या गोदावरी-पूर्णा खोऱ्यातही. तिथे पावसाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी पाणी मुरलेलं आढळलं. बाकीचं ओढ्याने नेलं, उन्हाने उडवलं, पिकांनी प्यालं.

मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा ती मुलगी बोटं मोजत म्हणाली, "म्हणजे दहा घागरी पडल्या तर एकसुद्धा पुरती नाही?" मग जरा थांबून, "आणि बाई, आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यांतून जातं ते?"

शाब्बास! भेगांतलं पाणी आपल्या खुणेला बगल देऊन थेट खाली जातं. या मोजणीत ते नीट सापडत नाही. त्यासाठी विहिरीची पातळीही पाहावी लागते, पावसाळ्याआधी आणि नंतर.

आता दर रविवारी ती वडिलांबरोबर विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडते आणि आकडा वहीत लिहून आणते.