ओटीपोट दुखते, म्हणजे पिशवीचाच दोष?

‘अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते.’ एवढे ऐकले की ‘पिशवीला सूज आली’ असे सर्रास सांगितले जाते. कधी कधी तर पिशवी म्हणजे गर्भाशय काढूनही टाकले जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो : या दोन तक्रारींवरून गर्भाशयाला जंतुसंसर्ग झाला असे म्हणता येते का?

आधी दुखण्याचा विचार करू. बोटाला काटा टोचला तर नेमकी जागा दाखवता येते. पोटातल्या अवयवांचे तसे नाही. गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय, आतडे यांच्याकडून येणारे चेतातंतू मज्जारज्जूत जवळजवळच्या भागांत शिरतात. त्यामुळे दुखणे नेमके कोणाचे, हे मेंदूला नीट उमगत नाही. आंत्रपुच्छाला सूज आली तरी वेदना बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि मग उजवीकडे खाली सरकते.

आता पांढरे जाण्याविषयी. थोडा स्राव असणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. योनिमार्गातील उपयुक्त जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि इतर जंतूंना रोखतात. पाळीचक्राच्या मध्यावर स्राव वाढतो, पातळ व तार धरणारा होतो. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशीची शक्यता असते. करडा व मासळीसारखा वास येणारा असेल तर जीवाणूंचा समतोल बिघडल्याची. पण हे दोन्ही विकार योनिमार्गाचे आहेत, गर्भाशयाचे नव्हेत!

गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट श्लेष्म्याचा पहारा असतो. प्रसूती, गर्भपात किंवा लैंगिक संबंधातून आलेले जंतू यांमुळे तो मोडला, की संसर्ग वर चढतो. मग ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, दोन्ही बाजूंना दुखणे अशी लक्षणे दिसतात. तपासताना गर्भाशयमुख हलवले की कळ येते. मात्र क्लॅमिडियासारखा संसर्ग लक्षणांविनाही असू शकतो. उपचार लांबले तर गर्भनलिकांत व्रण राहतात व वंध्यत्व येऊ शकते.

याच्याशी गल्लत होणारी इतर दुखणी अशी :

• पाळी चुकलेली, एका बाजूला दुखणे, चक्कर : नलिकेतील गर्भ. हा जिवावर बेतू शकतो. म्हणून लघवीची गर्भचाचणी सर्वांत आधी.
• अचानक एका बाजूला असह्य कळ, उलट्या : अंडाशयाला पडलेला पीळ. येथे तासांचा हिशेब असतो.
• लघवीला जळजळ, वारंवार जावे लागणे : मूत्रमार्गाचा संसर्ग.
• ताप नाही, पण दर पाळीला वाढते दुखणे : एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाले बाहेर वाढणे.
• पाळीत फार रक्तस्राव, पोटात जडपणा : गर्भाशयातील गाठी.

ही यादी निदानासाठी नव्हे. शंका कोणत्या घ्यायच्या, एवढेच ती सांगते. निर्णय शारीरिक तपासणी, लघवी-रक्ताच्या चाचण्या व सोनोग्राफी यांनंतरच व्हायला हवा. संसर्ग ठरलाच, तरी बहुतेक वेळा पहिला उपाय प्रतिजैविके हाच असतो, शस्त्रक्रिया नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. म्हणजे दुखणे खरे होते, तपासणी मात्र झालेली नव्हती.

वर्गातली मुलगी ‘पोट दुखतंय’ म्हणाली, तर ‘पाळीचं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कुठे दुखते, केव्हापासून, ताप आहे का, मागची पाळी केव्हा आली, हे शिक्षिकेने एकांतात विचारावे. असह्य कळ, ताप, उलट्या किंवा भोवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.